मापे चोख, तरी गाडी ओळखू येत नाही: १/२४ किटच्या अचूकतेविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पोर्श ९११ टर्बोची १/२४ प्रमाणातील प्रतिकृती आपल्याला बांधायची आहे. एका परिचितांकडे सुमारे चाळीस वर्षांपूर्वीचे जपानी किट न जोडलेल्या अवस्थेत पडून आहे आणि ते त्यांना विकायचे आहे. दुसरीकडे, मूळ गाडीचे लेझर स्कॅनिंग करून साचा तयार केल्याची जाहिरात असलेले नवे किट मिळू शकते. जुन्या किटची मापे चुकलेली आहेत, पण जोडल्यावर गाडी हुबेहूब ९११ वाटते, असे जाणकार सांगतात; नव्या किटची मापे चोख आहेत, पण त्यात काहीतरी खटकते, असेही तेच सांगतात. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असू शकतात, आणि दोहोंपैकी कोणते किट घ्यावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

दोन्ही विधाने खरी असू शकतात. किटमधील चूक किती मिलिमीटरची आहे, यापेक्षा ती बांधणाऱ्याला आपल्या टेबलावर दुरुस्त करता येण्याजोगी आहे की नाही, हा प्रश्न मी आधी विचारतो. मडगार्डची कडा जाड असेल तर ती आतून घासून पातळ करता येते, पुढच्या दिव्याची काच ओबडधोबड असेल तर बदलता येते, गाडी उंच बसत असेल तर खाली आणता येते. परंतु टपाची कमान चुकलेली असेल, किंवा पुढच्या काचेचा कल दोन अंशांनी उभा असेल, तर सराईत हातही सहसा त्या वाटेला जात नाहीत, कारण तिथे हात घातला की काच, दारे, खांब आणि छत असे सगळेच नव्याने करावे लागते.

आधी जे मुळातच अचूक असू शकत नाही ते बाजूला काढू. गाडीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. १/२४ प्रमाणात तो ०.०३ मिलिमीटर, म्हणजे कागदाहूनही पातळ व्हायला हवा. साच्यात ओतलेल्या पॉलिस्टायरिनची भिंत मात्र सुमारे एक मिलिमीटरची ठेवावी लागते, नाहीतर प्लास्टिक साच्याच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि निघालेला सांगाडा हातात टिकत नाही. त्यामुळे कोणत्याही किटमधील पत्रा प्रमाणाच्या हिशेबाने चोवीस मिलिमीटर जाड असतो, आणि हे सर्वांत जास्त जाणवते ते मडगार्डच्या कडेला आणि खिडक्यांच्या चौकटीत. दारे आणि बॉनेट यांच्याभोवतीची फट खऱ्या गाडीत चारेक मिलिमीटर असते. तिचे प्रमाणातील माप ०.१७ मिलिमीटर. किटमधील खाच त्याच्या दुपटीने तरी रुंद असते, आणि रंगाचे थर चढले की ती भरून काहीशी अरुंद होते, म्हणून पोलादी साचा करणारे तेवढी गुंजाइश मुद्दाम ठेवतात. मेटॅलिक रंगाचे तर गणितच वेगळे: रंगातील चमकीचा कण चाळीस मायक्रॉनचा धरला तर तो खऱ्या गाडीवर जवळपास एक मिलिमीटरच्या टिकलीएवढा ठरतो. खऱ्या गाडीच्या डब्यातला रंग आणून प्रतिकृतीला मारल्यास रंगाचा क्रमांक बरोबर असूनही गाडी खेळण्यासारखी दिसते, त्याचे कारण हेच. नेमकी छटा मिळवण्यासाठी जिवाचे रान करणाऱ्यांनी आधी चमकीचा आकार पाहावा.

एवढे वजा केल्यावर जे उरते ते आकाराचे, म्हणजे घडणीचे प्रश्न, आणि खरी मतभिन्नता तिथेच आहे.

संगणक येण्यापूर्वी किटचा साचा कसा तयार होत असे, हे ठाऊक असले की जुन्या किटच्या चुका समजू लागतात. खऱ्या गाडीची मापे आणि छायाचित्रे घेऊन कारागीर लाकडाचा किंवा रेझिनचा मोठा नमुना हाताने घडवीत, बहुधा अपेक्षित आकाराच्या दुप्पट किंवा त्याहूनही मोठा. त्यावरून पॅन्टोग्राफ यंत्राची सुई फिरे आणि यंत्राचे दुसरे टोक पोलादात तोच आकार लहान करून कोरीत असे. नमुना हाताने घडत असल्याने घडवणाऱ्याची नजर त्यात उतरे. त्याला ९११ च्या मागच्या मडगार्डचा फुगवटा महत्त्वाचा वाटला, तर तो फुगवटा अर्ध्या मिलिमीटरने जास्तच येई. गाडी तीन मिलिमीटर आखूड निघे, पण ओळख पक्की राही. जपानी किटनिर्मितीत हा दोष मानला जात नाही. छोट्या आकारात गाडीचा ठसा टिकावा म्हणून प्रमाणांत जाणीवपूर्वक केलेला फेरफार तिथे कौशल्याचा भाग समजला जातो आणि त्याविषयी उघडपणे बोललेही जाते.

असा फेरफार करावा का लागतो, याचे उत्तर आपल्या पाहण्याच्या पद्धतीत आहे. टेबलावर ठेवलेली १/२४ ची गाडी आपण साधारण चाळीस सेंटिमीटर उंचीवरून पाहतो. चाळीस गुणिले चोवीस म्हणजे साडेनऊ मीटरहून थोडे जास्त. खरी गाडी आपण तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून पाहिल्यासारखे हे झाले. त्या उंचीवरून टप आणि बॉनेट मोठे दिसतात, बाजू चेपलेल्या वाटतात, चाके मडगार्डखाली लपतात. रस्त्यावर उभे राहून ९११ कडे पाहताना मनावर ठसलेली रुंद मागची बाजू आणि डोळ्यांत भरणारे पुढचे दिवे या दृष्टिकोनातून हरवतात. मापे शंभर टक्के बरोबर असलेले किट म्हणूनच कधी कधी निर्जीव वाटते. खात्री करायची असल्यास प्रतिकृती उचलून अशी ठेवावी की आपला डोळा तिच्या चाकांच्या तळापासून साडेसहा-सात सेंटिमीटर उंचीवर येईल. उभ्या माणसाची डोळ्यांची उंची चोवीसने भागल्यावर एवढीच येते. स्कॅनिंगवरून केलेले अनेक किट या उंचीवरून पाहताच एकदम जिवंत होतात, आणि हातघडणीच्या जुन्या किटमधील अतिशयोक्तीही तिथूनच उघडी पडते.

मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांवरून किटला नावे ठेवण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याविषयी इथेच सांगतो. फोन प्रतिकृतीपासून पंधरा सेंटिमीटरवर धरला, तर खऱ्या गाडीपासून साडेतीन मीटरवर उभे राहून रुंद कोनाच्या भिंगाने फोटो काढल्याइतके अंतर होते. नाक फुगते, मागची बाजू आक्रसते, जवळचे चाक मोठे दिसते. त्याशेजारी आपण ठेवतो ते कंपनीच्या माहितीपत्रकातील चित्र बहुधा लांबून, मोठ्या भिंगाने टिपलेले असते. ही तुलना किटवर अन्याय करणारी आहे. फोन किमान एक मीटर दूर ठेवून, झूम करून, बाजूने आणि चाकांच्या मध्याच्या उंचीवरून फोटो घ्यावा. मग ‘नाक चुकले आहे’ यासारख्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

आता तपासणीचा क्रम. माझ्या मते सर्वप्रथम काचांचा भाग पाहावा, म्हणजे कंबररेषेच्या (खिडक्यांच्या खालच्या कडेच्या) वर जे काही आहे ते सगळे: पुढच्या काचेचा कल, टपाची कमान, बाजूच्या खिडक्यांचा आकार आणि मागे उतरत जाणारी रेषा. ९११ मध्ये ही रेषा टपाच्या मध्यापासून मागच्या बंपरपर्यंत जवळपास एकाच वळणात उतरते. ते वळण जिथे तुटते तिथे दुसरीच कुठली तरी गाडी सुरू होते. हा भाग दुरुस्त होत नाही, म्हणून किट घेण्यापूर्वी पाहण्याची गोष्ट हीच. दुसरी गोष्ट चाके. १९७८ मध्ये आलेल्या ३.३ लिटर टर्बोला पुढे २०५/५५ आणि मागे २२५/५० मापाचे सोळा इंची टायर असत; हिशेब केल्यास दोन्हींचा बाहेरचा व्यास ६३२ मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे १/२४ मध्ये २६.३ मिलिमीटर. गाडीच्या दोन आसांमधील अंतर सुमारे २,२७२ मिलिमीटर, म्हणजे प्रमाणात ९४.७. टायरचा व्यास आसांमधील अंतराच्या पावपटीहून थोडा जास्त, हे गुणोत्तर कोणत्याही बाजूच्या छायाचित्रावर पट्टी ठेवून पडताळता येते. किटचा टायर व्हर्नियर या मापकात २४.३ मिलिमीटर भरला, तर खऱ्या गाडीवर जवळजवळ पाच सेंटिमीटर लहान टायर बसवल्यासारखे होईल आणि सगळी गाडी रोगट दिसेल. गाडीच्या एकूण लांबीत दोन मिलिमीटरचा फरक असल्यास मात्र तो कोणाच्याही लक्षात येणार नाही, कारण १७९ मिलिमीटरच्या वस्तूत तो एक टक्क्याच्या जवळपास असतो आणि डोळ्याला तुलना करायला शेजारी काही नसते. टायरला तुलना करायला मडगार्डची कमान चिकटूनच असते.

तिसरी गोष्ट म्हणजे गाडीची बैठक: चाक कमानीत किती आत, किती खाली बसते. बहुतेक किट थोडे उंच बसतात, आणि इथे एक मिलिमीटर म्हणजे चोवीस मिलिमीटर. सुदैवाने ही चूक सर्वांत सोपी आहे. बाहेरची बॉडी रंगवण्यापूर्वी खालचा तळ, चाके आणि बॉडी नुसती टेपने जोडून पाहावी आणि आसाची जागा तेव्हाच सरकवावी. रंगकाम उरकल्यावर ही गोष्ट लक्षात आली, तर फारसे काही करता येत नाही.

जुन्या किटमध्ये अशा चुका एका ठरावीक दिशेने का झुकलेल्या असतात, याचे कारण पुष्कळदा व्यापारात सापडते. अमेरिकेत १९५० च्या दशकात गाड्यांच्या विक्रेत्यांना देण्यासाठी प्लास्टिकच्या तयार प्रतिकृती बनत. एएमटीसारख्या कंपन्यांनी तेच साचे वापरून १९५८ पासून तीन प्रकारे जोडता येणारी किट काढली. कारखान्याची रेखाचित्रे थेट मिळत असल्याने बॉडीचा आकार बहुधा चोख असे, पण तळाला सगळे एका पत्र्यात कोरलेले, आस म्हणजे एक आरपार तार. शिवाय दरवर्षी गाडीचे मॉडेल बदलले की तोच साचा कापून नवा केला जाई, त्यामुळे आदल्या वर्षीची गाडी कायमची गेली. जपानमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत किटमध्ये विजेची मोटर आणि बॅटऱ्या बसवण्याची चाल होती. त्यांना जागा हवी म्हणून आतल्या आसनांचा तळ वर उचललेला, इंजिन गाळलेले. पुढे मोटर गेली, पण बॉनेट बंद आणि तळ सपाट ठेवण्याची सवय बऱ्याच किटमध्ये राहिली.

या दोन्ही प्रवाहांपेक्षा वेगळी वाट धरणारे उदाहरण आपल्या विषयातलेच आहे. शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ मध्ये ९११ टर्बोवरून केलेल्या पोर्श ९३४ या शर्यतीच्या गाडीचे १/१२ किट काढले. त्याची तयारी करताना कंपनीचे शुन्साकू तामिया यांनी जर्मनीला फेऱ्या मारल्या. तेवढ्यानेही समाधान न झाल्याने त्यांनी एक खरी ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून अभ्यासली. पुन्हा जोडण्यासाठी पोर्शच्या माहितगार तंत्रज्ञांना बोलवावे लागले, हा किस्सा या छंदात प्रसिद्ध आहे. एवढा खर्च एका स्थिर प्रतिकृतीतून निघणे कठीण होते, म्हणून तीच बॉडी वापरून त्याच वर्षी कंपनीने रेडिओ नियंत्रणावर चालणारी आपली पहिली गाडी बाजारात आणली. ९३४ चे रुंद मडगार्ड मूळ बॉडीवर बोल्टने ठोकलेले असत. किटमधील त्या बोल्टांची डोकी पाहिली की गाडी समोर उभी करून काम झाल्याचे कळते. छायाचित्रावरून कोणी एवढे करीत नाही.

जुन्या किटचे आकर्षण अचूकतेत शोधू नये. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९७१ च्या सुमारास आणलेली १९३० सालची साडेचार लिटर बेंटली १/१२ प्रमाणात आहे. तिच्या चाकांतील आरे साच्यात ओतलेले असल्याने जाड आहेत. खरा आरा चार मिलिमीटरचा धरला तर त्याचे माप एक तृतीयांश मिलिमीटर यायला हवे, आणि ओतीव प्लास्टिक तेवढे बारीक होत नाही. तरीही ती बेंटली आजही बांधली जाते, कारण पुढे लटकणारा सुपरचार्जर, पट्ट्याने आवळलेले बॉनेट आणि त्याखालचे इंजिन जोडत असताना त्या यंत्राची रचना समजत जाते. इटलीतील पोचर कंपनीने याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन १/८ प्रमाणात अल्फा रोमिओ, रोल्स-रॉइस, मर्सिडीझ अशी किट केली. रोल्स-रॉइसमध्ये सुमारे दोन हजार सुटे भाग, आणि चाकाचा प्रत्येक आरा खऱ्या तारेचा, एकेक ओवून ताणायचा. या किटची फिटिंग इतकी बेभरवशाची असते की सूचनापत्रिका हा निव्वळ सल्ला समजावा. पण ज्याला आरे ओवण्यातच रस आहे, त्याला त्याचे काहीच वाटत नाही.

यातून एक गल्लत दूर करायला हवी: फिटिंग आणि अचूकता या वेगळ्या गोष्टी आहेत. भाग एकमेकांत टिचकन बसतात म्हणून किट अचूक ठरत नाही. फुजिमी या जपानी कंपनीने १९८० च्या दशकात काढलेल्या ‘एन्थुझिअस्ट’ मालिकेतील ९११ किटमध्ये इंजिन आणि सस्पेन्शनचे तपशील इतके आहेत की आजही त्यांचा दाखला दिला जातो, आणि तीच किट नवशिक्याला रडवतात. उलट अनेक नवी किट बिनचूक जुळतात, पण बॉनेट उघडत नाही आणि खाली इंजिनाचा फक्त पोटाकडचा भाग दिसतो. माझा कल स्पष्टच सांगायचा तर बंद बॉनेटच्या किटकडे आहे. उघडणारे बॉनेट एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे असते, त्याच्या बिजागऱ्या प्रमाणाबाहेर जाड असतात आणि बंद केल्यावर फट असमान राहते. म्हणजे आत दिसणाऱ्या इंजिनासाठी बाहेरची रेषा बिघडते.

आपल्याकडील वाचकांसाठी याच कसोटीचे एक जवळचे उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी जीपची किट सहज मिळतात; तामियाचे १/३५ आणि इटालेरीचे १/२४ ही त्यांपैकी दोन. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, म्हणून हे किट घेऊन ‘आपली महिंद्रा जीप’ करावी असे अनेकांच्या मनात येते. मात्र भारतीय रस्त्यांवर दशकानुदशके धावली ती सीजे-३बी. तिचे इंजिन उंच असल्याने बॉनेट आणि पुढची जाळी दोन्ही वर उचललेली आहेत, आणि जाळीला नऊऐवजी सात खाचा आहेत. दोन आसांमधील अंतर मात्र दोन्हींत ऐंशी इंच, १/२४ मध्ये सुमारे ८४.७ मिलिमीटर. म्हणजे किटची मापे तपासली तर सगळे जुळते, आणि नजरेला एका क्षणात कळते की ही आपल्या गावच्या डॉक्टरांची जीप नव्हे. इथे चूक दुरुस्त होण्याजोगी आहे, कारण जीपचे बॉनेट सपाट पत्र्याचे असते. अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटचे दोन उभे तुकडे बाजूला जोडून, जाळी नव्याने कापून ते वर उचलता येते. ९११ च्या टपाला असा उपाय नाही.

दुरुस्त होणाऱ्या गोष्टींपैकी तीन मी प्रत्येक किटमध्ये करतो. पहिली, मडगार्डच्या कमानी आतल्या बाजूने गोल कानशीने घासून कडेला पातळ करणे. बाहेरच्या रेषेला हात लावायचा नाही. उजेडाकडे धरल्यावर कडेचे प्लास्टिक किंचित पारदर्शक दिसू लागले की थांबायचे. दुसरी, दारे आणि बॉनेटच्या खाचा प्रायमरआधी टोकदार स्क्रायबरने (खाच कोरण्याच्या हत्याराने) हलक्या हाताने खोल करणे, कारण रंगाचे चार-पाच थर उथळ खाच बुजवतात. शेवटी या खाचांत काळा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सोडण्याची पद्धत आहे. पांढऱ्या किंवा पिवळ्या गाडीवर तो पेनने आखल्यासारखा दिसतो, त्याऐवजी गडद करडा किंवा बॉडीच्याच रंगाची काळपट छटा वापरावी. तिसरी गोष्ट क्रोम. किटमधील चकचकीत मुलाम्याचे भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडून येतात तिच्यापासून तोडले की तोडलेल्या जागी पांढरे प्लास्टिक उघडे पडते आणि मुलामा आरशासारखा अवास्तव चमकतो. घरगुती ब्लीचच्या द्रावात हे भाग हवेशीर जागी बुडवून ठेवल्यास मुलामा उतरतो. नंतर जोड घासून, चकचकीत काळ्या थरावर धातूचा रंग विरळ फवारल्यास खऱ्या क्रोमसारखी खोली येते. काचेभोवतीच्या बारीक पट्ट्यांसाठी स्वयंचिकट धातूचा अतिपातळ वर्ख मिळतो. तो ओळीवर बसवून, टूथपिकच्या टोकाने खाचेत दाबून, नव्या कोऱ्या ब्लेडने एकाच ओढीत कापावा. ब्लेड जुने असेल तर वर्ख कापला न जाता फाटतो.

रंगकामाविषयी मुंबई-कोकणातील वाचकांना वेगळे सांगावे लागते, कारण परदेशी पुस्तिकांत पावसाळा नसतो. लॅकर रंगातील थिनर वेगाने उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतील बाष्प ओल्या थरावर धरते. रंग दुधाळ पांढरा पडतो. जुलैत चमकदार काळा रंग मारायचा झाल्यास थिनरमध्ये रिटार्डर मिसळून सुकण्याचा वेग कमी करावा, किंवा खोलीतील एसी तासभर आधी चालू ठेवून हवा कोरडी करून घ्यावी. हलके पांढरे पडलेले असल्यास नुसत्या रिटार्डरचा विरळ फवारा पुष्कळदा ते परत पारदर्शक करतो. स्प्रे कॅनमधून आलेला संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा १/२४ मध्ये रस्त्यावरील खडीएवढा मोठा दिसतो, म्हणून क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) पूर्ण कडक झाल्यावर दोन हजार आणि त्यापुढच्या नंबरच्या वॉटर पेपरने घासून पॉलिश करणे टाळता येत नाही. कडांवर आणि मडगार्डच्या उंचवट्यांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे पेपर अजिबात फिरवू नये.

आता निवड. भारतात प्रमाणबद्ध मॉडेलची किट खेळण्यांच्याच शीर्षाखाली आयात होतात. त्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये वीसवरून साठ टक्के आणि २०२३ मध्ये सत्तर टक्के झाले. दोन्ही किट घेऊन पाहू, असे म्हणण्याची चैन त्यामुळे राहिलेली नाही, आणि ज्वलनशील म्हणून रंगाचे डबे विमान टपालाने येत नाहीत, हा खर्चाचा वेगळा भाग. नव्या किटविषयी एक खबरदारी: खोक्यावरील चित्र आणि छपाई नवी असली म्हणजे साचा नवा असतोच असे नाही. प्लास्टिकच्या फ्रेमवर किंवा गाडीच्या तळाला आतल्या बाजूने बहुधा मूळ वर्ष कोरलेले असते, ते विक्रेत्याकडून फोटो मागवून पाहावे. स्कॅनिंगच्या जाहिरातीनेही भुलू नये. स्कॅन केलेली गाडी अपघातानंतर दुरुस्त झालेली, खाली बसवलेली किंवा वेगळ्या बाजारपेठेसाठी वेगळे बंपर लावलेली असू शकते, आणि स्कॅनिंगनंतर साच्यातून सुटण्यासाठी बाजूंना जो उतार द्यावा लागतो तो शेवटी माणूसच ठरवतो.

आपल्या बाबतीत, हे पहिलेच किट असेल तर नवे घ्यावे, तेही बंद बॉनेटचे. आणि रंग मेटॅलिक नको, पांढरा किंवा पिवळाही नको, कारण हलके रंग झाकत नाहीत आणि मेटॅलिकमध्ये फवाऱ्याचे पट्टे उमटतात. लाल किंवा गडद निळा साधा रंग निभावून नेतो. एक-दोन किट हातावेगळी झालेली असतील, तर मी परिचितांकडील जुने खोके घेईन, कारण चुकलेली लांबी कोणाला दिसणार नाही आणि टपाची रेषा हाताने घडवणाऱ्याने जपलेली आहे. घेण्यापूर्वी खोके उघडून दोन गोष्टी पाहाव्यात. मऊ व्हायनलचे टायर प्लास्टिकच्या भागांना वर्षानुवर्षे टेकून राहिले असतील, तर त्यांतील तेलकट द्रव्याने पॉलिस्टायरिन वितळून खड्डे पडतात. असे खड्डे रिमवर असतील तर किंमत कमी करून घ्यावी, आणि खिडकीच्या काचांवर असतील तर व्यवहार सोडून द्यावा. डिकलचा, म्हणजे पाण्यात सोडवून गाडीवर चिकटवायच्या अक्षरे-चिन्हांचा, कागद पिवळा पडलेला असल्यास घाबरण्याचे कारण नाही. तो पारदर्शक पिशवीत हवाबंद करून काही दिवस उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवून ठेवला की पिवळेपणा बराच उतरतो. पाण्यात सोडण्यापूर्वी मात्र त्यावर क्लिअर लॅकरचा एक पातळ थर द्यावा आणि कोपऱ्यातील न लागणारे एखादे अक्षर आधी सोडवून पाहावे. ते अखंड सुटले तर बाकीचे बहुधा सुटतात. तुकडे झाले, तर नवी डिकल मागवण्याचा खर्च परिचितांशी किंमत ठरवतानाच धरावा.